गुहेतल्या गाठी

मातेच्या गुहेला जायचं ठरलं की बोधराजच्या घरात पहिलं भांडण होई ते शिदोरीवरून. त्याला वाटेत खायला उडदाचं सारण भरून तळलेले बब्बरू हवेत. सुरिष्टाचं म्हणणं, चढणीवर तेलकट खाऊन छातीत जळजळतं, राजमा-भातच बरा. यंदाही नवराबायको चुलीपाशी हुज्जत घालत होती आणि लेक निम्मो उंबऱ्यावर मक्याची कणसं सोलत हसत होती. तिचं लग्न ठरलं होतं. त्याआधी तिचा नवस फेडायचा होता.

दोन वर्षांची असताना निम्मो तापानं फणफणली आणि एका दुपारी गार पडली. वैद्यानं मान हलवली. सुरिष्टा तशीच डोंगर चढली, गुहेत वाकत वाकत आत शिरली आणि देवीसमोरच्या साखळीला लाल धागा बांधून आली. परतली तर पोर अंगणात बसून भात खात होती! तेव्हापासून निम्मोच्या केसांना ओल्या दगडाचा वास येई, कितीही न्हाऊ घाला.

इच्छा पुरी झाली की जाऊन गाठ सोडायची, ही तिथली रीत. पण साखळीला धागे हजारो. आपला कोणता हे कुणाला ओळखू येणार? म्हणून हाताला लागेल तो सोडायचा. देवी समजून घेते, असं सगळेच म्हणत.

श्रावणातलं धुकं दरीतून वर येऊन दिवसभर गल्लीत रेंगाळत होतं. त्यातूनच शेजारची तृप्ताचाची प्रसादाचे फुटाणे घेऊन आली.

"नातवाला नोकरी लागली ना, गाठ सोडून आले बाई! जरा ओढली तर आली हातात. माझी मेली कुठली असायला ती!"

"कधी सोडलीत, चाची?" निम्मोनं विचारलं.

"काल दुपारी, आरतीच्या आधी. का गं?"

निम्मोनं हातातलं कणीस खाली ठेवलं. सुरिष्टानं फुटाणे तोंडात न घालता बाजूला ठेवले. काल त्याच सुमाराला खालच्या आळीतला सोमराज सुतार जेवून खाटेवर टेकला होता, तो उठलाच नव्हता. धडधाकट गडी. लहानपणी विषमज्वरात त्याच्या आईनंही असाच धागा बांधला होता.

चाची गेल्यावर निम्मो हळूच म्हणाली, "अम्मा... ती सोमराजची होती."

"गप्प बस. शुभ बोल जरा."

"यात्रेचे दिवस आले की मला बोटं कळतात गं... केसांतून फिरल्यासारखी. चाचपतात... आणि पुढं जातात. काल फार जवळून गेली."

सुरिष्टानं बांधलेली गाठोडी सोडून टाकली. "आपण जायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"बरं झालं! तुझे गुडघे बघून मी पहाटेच तुझ्या भावाला धाडलंय, तू चिडशील म्हणून बोललो नव्हतो. थोडूराम म्हणाला, भाचीसाठी एवढंही करू नये होय? पोचलासुद्धा असेल."

"फोन लावा त्याला... आत्ता लावा!"

"गुहेत कसला फोन लागतोय? झालंय काय तुला?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. लेकीचे दोन्ही हात घट्ट धरून उंबऱ्यावर बसली. अंगण धुक्यानं भरत गेलं, समोरची विहीर दिसेनाशी झाली. निम्मोनं डोळे मिटले.

"आली..."

"कुठं आहेत?"

"कानाशी... थांबलीत."

"दुसऱ्या कुणाचीही सोड, माते," सुरिष्टा पुटपुटली. "कुणाचीही." म्हणताना तिला लाज वाटली, तरी ती म्हणत राहिली.

निम्मोचा श्वास सुटला. "गेली पुढं."

सुरिष्टाला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं लेकीचा माथा हुंगला. तेवढ्यात फोन वाजला. बोधराजनं तो तिच्या कानाला लावला. थोडूराम खुशीत होता. थोरल्या बहिणीला तो बोबो म्हणे.

"बोबो, काम फत्ते! एक धागा ओढला आणि गंजलेली साखळीच तुटली बघ. सगळा भारा गुहेच्या तोंडाशी आणलाय. नवी साखळी घालायची म्हणून पुजाऱ्यानं सगळ्यांना गाठी सोडायला बसवलंय."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि निम्मोला कशाला पाठवलंस इतक्या लांब? सांगायचं तरी. पण काय हात चालतो पोरीचा! आम्हा कुणाला हातच लावू देत नाही. एक धागा तेवढा मांडीखाली ठेवलाय, बाकीचे भराभर सोडतेय."

सुरिष्टानं वळून पाहिलं. निम्मो शेजारीच होती, डोळे मिटून. आईच्या मुठीतली तिची बोटं वळवळत होती, बारीक काहीतरी चिमटीत धरून उकलायला बघत होती.

खालच्या आळीत कुणीतरी हंबरडा फोडला. मग शाळेच्या बाजूला. बोधराज काय झालं ते बघायला धुक्यात धावला.

सुरिष्टानं दोन्ही हंबरडे नीट ऐकले. मग तिनं लेकीचे हात मोकळे सोडले.