गाडीखालचं उत्तर

शपथा घ्यायची मला सवय न्हाई. ज्याला हे खोटं वाटंल त्यानं वाटूर फाट्याला यावं आणि कडूबाची, म्हणजे माझी, गाडी कुठंय म्हणून कोणालाही विचारावं. गिरणीशेजारी, लिंबाखाली उभी दिसंल. सहा चाकी ट्रक, निळं केबिन.

वर्ष झालं, जागची हललेली न्हाई.

बिघाड काही न्हाई तिच्यात. इंजिनचं ऑइल नवं. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल नवं. बॅटरी बराबर. तरी उभी आहे, आणि का उभी आहे तेच सांगून राह्यलो.

मागच्या वर्षीची चैत्रातली अमावस्या. झालं, आली अमावस्या, म्हणून हसू नका. आमच्या धंद्यात अमावस्येला कोणी गाडी बाहेर काढत न्हाई. ती घरी उभी असती, म्हणून ऑइल त्याच दिवशी बदलायचं. एवढाच संबंध. आणि रात्रबित्र काही नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं.

गाडी माझी आणि मोठ्या भावाची. अंगददादाची. चालवायचो दोघं, पण हात काळे करायचे ते दादानं. घराला लागून पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाई, मंग गाडीखालच्या माणसाला हाक काय ऐकू येणार? म्हणून दादानं एक नियम पाडला होता.

केबिनमध्ये चढायच्या आधी लोखंडी पायरीवर पान्यानं दोनदा ठोकायचं. लोखंडाला लोखंड लागलेलं असतं, आवाज या टोकाचा त्या टोकाला जातो. खाली माणूस असला की तो एकदा ठोकून उत्तर देणार. उत्तर आलं तर चावीला हात लावायचा न्हाई. काहीच आलं न्हाई तर समजायचं, खाली कोणी न्हाई.

दादाचं उत्तर लगेच ओळखू यायचं. तो एकदा ठोकायचा आणि मंग पाना लोखंडावरून ओढायचा.

टण्ण... खर्रर्र.

म्हणजे, थांब, निघतो.

या गोष्टीच्या चार वर्षं आधी, अशाच एका अमावस्येला दादा गेला. ऑइल बदलून झालं होतं. दादा मागच्या चाकांच्या मधी नट आवळत होता. नवं ऑइल सगळीकडं फिरावं म्हणून इंजिन थोडा वेळ चालवायचं असतं, ते काम माझं. हँडब्रेक ढिला, चाकाचे दगड काढलेले, आणि गाडी गिअरमध्ये राहिलेली. मी स्टार्टर मारला.

गाडी हातभर पुढं गेली.

हातभरच. मागच्या चाकाला तेवढं पुरलं.

सगळ्यांना मी एकच सांगितलं. मी दोनदा ठोकलं, दादानं उत्तर दिलं न्हाई. लोकांना पटलं. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवले. गिरणीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसंल, म्हणले.

वंदना वहिनीला तेवढं पटलं न्हाई. दादाची बायको. तिचं दुखणं निराळंच होतं. त्या दिवशी सकाळी तिचं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लेकीला, आकांक्षाला, जालन्याला शिकायला ठेवायचं का न्हाई, यावरून. रागाच्या भरात वहिनी बोलून गेली होती, "तुम्ही घरी नसलेलेच बरे." आणि दादा न जेवता गाडीखाली शिरला होता.

तेव्हापासून तिचा एकच सवाल. मला विचारायची, आईला विचारायची, भेटायला येणाऱ्या पाहुण्याला विचारायची. यांनी उत्तर का दिलं न्हाई? ऐकू आलं न्हाई, का ऐकून गप बसले?

ऐकून गप बसले. म्हणजे जाणूनबुजून. तिच्यावर रुसून.

चार वर्षं ती हेच घोळवत होती. जेवण अर्ध्यावर आलं. लग्नाकार्याला जाणं बंद झालं. पोळ्या लाटता लाटता मधीच थांबायची आणि भिंतीकडं बघत बसायची. मी समोर ताटावर बसलेला असायचो. मला सगळं दिसत होतं.

आता मागच्या वर्षीचं सांगतो.

दादा गेल्यापासून मी घरी कधीच ऑइल बदललं नव्हतं. अजमतभाईच्या गॅरेजलाच न्यायचो. पण त्या दिवशी त्याच्या घरी लग्न, गॅरेज बंद. दुसऱ्या दिवशी जालन्याहून सळया भरायच्या होत्या आणि ऑइल बदलायची मुदत कधीच टळून गेल्ती. मी म्हणलं, बघू चार दिवसांनी. वहिनी म्हणली, घरीच करा, मी पाने देते हातात.

मी नको म्हणलं. ती हटेना. शेवटी खरं काय ते बोलली.

"मला एकदा खाली झोपून बघायचंय, भाऊजी. वरचा ठोका खाली ऐकू येतो का न्हाई, ते."

 आता नको म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

इंजिन दहा मिनिटं चालवून गरम केलं, बंद केलं, खालचा नट सोडला. काळं ऑइल घमेल्यात उतरलं. फिल्टर बदलला, नवं ऑइल ओतलं. मंग मागं गेलो. दोन चाकांच्या मधी जो मोठा लोखंडी गोळा असतो ना, ते डिफरन्शियल. त्याचं ऑइल काकवीसारखं घट्ट. धार तुटेपर्यंत खाली पडून वाट बघावी लागती. मी गोणपाटावर उताणा पडलो होतो.

बराबर तिथंच, जिथं दादा होता.

वर नजर गेली तर त्या गोळ्यावर एक ओरखडा दिसला. वीतभर लांब. चार वर्षांची धूळ आणि ग्रीस बसलेल्या लोखंडावर तो एकटाच चमकत होता... आत्ताच कोणी पाना ओढल्यागत. मी मान फिरवली आणि धार बघत राह्यलो.

नव्वद नंबरचं नवं ऑइल भरलं. नट आवळले. चाकाचे दगड काढले न्हाईत. गाडी न्यूट्रलला आहे, हे दहादा बघितलं.

"आता मी जाते," वहिनी म्हणली.

पदर खोचला, सतराचा पाना घेतला आणि मागच्या चाकांमधून आत सरकली. गिरणी जोरात चालू होती. मी केबिनपाशी जाऊन पायरीवर दोनदा ठोकलं. लगेच खालून उत्तर आलं. टण्ण.

ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. गिरणी चालू असून बराबर ऐकू आलं, म्हणली, कानाशीच ठोकल्यागत. मंग पदर झटकत म्हणली, "म्हंजी त्यांनाबी ऐकू आलं व्हतं."

 ओट्यावर गेली आणि तांब्यात पाणी घेऊन हात धुवायला लागली.

माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. मी गिळलं.

तेवढ्यात लाइट गेली. गिरणी बंद पडली. कानात नुसतं वारं भरल्यागत झालं, एवढं एकदम शांत झालं. मी पाना उचलला. त्या दिवसापासून न ठोकता मी कधी गाडीत चढलेलो न्हाई. चार वर्षांत हजार वेळा ठोकलं असंल. माणूस नसताना खालून कधी काही आलं न्हाई.

ठक ठक.

आणि खालून...

टण्ण.

मला वाटलं वहिनीच परत शिरली. असा राग आला मला. बाहेर या म्हणून ओरडलो.

"मी हितंय की."

आवाज ओट्यावरून आला. वळून बघितलं. तिच्या हातातून पाणी गळत होतं.

मी वाकलो. गाडीखाली गोणपाट, घमेलं आणि वहिनी तिथंच ठेवून आल्ती तो सतराचा पाना. माणूस कोणी न्हाई. मी स्वतःलाच समजावलं. गरम इंजिन निवताना लोखंड आवाज करतंच, सायलेन्सर टिकटिक करतो, वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला हे काय नवीन आहे का? पण इंजिन पुढं होतं, आणि आवाज मागून आल्ता.

परत ठोकलं. आता मुद्दाम.

टण्ण...

खर्रर्र.

 आणि ह्या वेळी मी खाली बघत होतो. सतराचा पाना गोणपाटावर पडलेला होता, तसाच. आवाज झाला तेव्हाही तो तसूभर हलला न्हाई.

वहिनीनं तांब्या ओट्यावर ठेवला. पाडला न्हाई, ठेवला. आणि चालत आली. ती घाबरलेली नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

माझ्या हातातून पाना घेतला आणि तिनं पायरीवर ठोकलं. दोनदा.

काही न्हाई.

परत ठोकलं. हळू आवाजात "अहो" म्हणली. लिंबाचं पान हललं न्हाई. मंग तिनं पाना माझ्यासमोर धरला.

"तुम्ही ठोका."

"राहू द्या, वहिनी."

"ठोका, भाऊजी."

ठोकलं. माझा दुसरा ठोका पुरता वाजलाही नव्हता, तेवढ्यात खालून...

टण्ण. खर्रर्र.

 वहिनीनं माझ्याकडं बघितलं. आजवर असं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"ते उत्तर देत्यात," ती म्हणली. "तुम्हाला कायम देत व्हते. त्या दिवशी तुम्ही ठोकलंच न्हाई."

तिनं विचारलं न्हाई. सांगितलं.

न्हाई. ठोकलं नव्हतं मी. आज पहिल्यांदा लिहून राह्यलो. भूक लागली होती, घरात ताट वाढून ठेवलेलं होतं, आणि पाना सापडत नव्हता. दोन मिनिटं इकडंतिकडं बघितलं. म्हणलं जाऊ दे, दादा निघाला असंल आतापर्यंत. पाना दादाकडंच होता. गाडीखाली. तिथंच कळायला पाहिजे होतं मला. आणि मंग लोक जमले, आई छाती बडवायला लागली, कोणीतरी विचारलं ठोकलं होतं का रे, आणि माझ्या तोंडून हो निघालं. एकदा निघाल्यावर ते परत आत कसं घालायचं?

वहिनीसमोर मला एवढं पण बोलता आलं न्हाई. मी मान खाली घातली. तेवढंच जमलं.

मला वाटलं, मारंल. गल्ली गोळा करंल. केलं असतं तर बरं झालं असतं. ती चाकाला पाठ लावून खाली मातीत बसली आणि रडायला लागली. दादाला नेलं त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"म्हंजी ते माझ्यावर रुसून गेले न्हाईत," एवढंच म्हणली. दोन-तीनदा तेच म्हणली.

मी तिथंच उभा. जरा वेळानं लाइट आली आणि गिरणी परत चालू झाली.

या गोष्टीला वर्ष झालं. वहिनीनं कोणाला काही सांगितलं न्हाई. आईला न्हाई, आकांक्षाला न्हाई. ती आता दोन्ही वेळेला नीट जेवती. परतूरला भाचीच्या लग्नाला जाऊन आली. माझ्याशी पहिल्यासारखं बोलती, गरम पोळी माझ्या ताटात वाढती. ती पोळी माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई, पण खावी लागती.

मी अजमतभाईला बोलावलं होतं. सगळं न्हाई सांगितलं, गाडीखालून आवाज येतो एवढंच. तो खाली झोपून एकेक नट बघून आला. त्यानं ठोकलं, तेव्हा काहीच आलं न्हाई. म्हणला, कुछ नहीं भाऊ, गाडी बिलकुल बराबर है, मीच चालवत नेतो आणि फिरवून आणतो. पण वहिनीनं चावी दिली न्हाई. चावी तिच्या कमरेलाच असती. मी आता दुसऱ्यांच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जातो.

अमावस्येला मात्र मला घरी यावंच लागतं. वहिनी तीनच्या सुमाराला पाना ओट्यावर आणून ठेवती. "भाऊजी, ठोका." मी जातो, पायरीवर दोनदा ठोकतो. खालून उत्तर येतं. ती डोळे मिटून ऐकती, मंग आत जाऊन चहा टाकती. दर अमावस्येला हेच. मी ठोकलं तरच उत्तर येतं. आजपर्यंत यात फरक पडलेला न्हाई.

आज अमावस्या आहे. हे सगळं मी ओट्यावर बसून मोबाइलवर लिहून राह्यलो. तीनला दहा कमी आहेत. लाइट गेलेली, गिरणी बंद. पाना माझ्या मांडीशी पडलाय. वहिनी आत कपडे घडी घालती आहे.

आणि आत्ता, गाडीखालून...

टण्ण.

खर्रर्र.

वहिनी दारात आली. पान्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं.

"ठोकलं का, भाऊजी?"

मी अजून ठोकलेलं न्हाई.