समोरच्यांचा बाजार

चंपाषष्ठीच्या सकाळी ज्योत्स्नाबाई भारंबेंना करायला काम उरलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना मुळीच मानवत नव्हती. फैजपूर रस्त्यावरच्या त्यांच्या भरीत केंद्रात बामणोदची वांगी पहाटेच येऊन पडली होती. ती भाजायला कापसाच्या वाळक्या काड्या रचून ठेवल्या होत्या. कांद्याची पात निवडून झाली होती, मिरची-लसूण तयार होता आणि कळण्याच्या भाकऱ्या थापायला एक नवीन बाईसुद्धा हजर झाली होती. चातुर्मासभर वांग्याला न शिवणारी मंडळी या दिवशी भरितावर तुटून पडतात, त्यामुळे एरवी बाईंना पदर खोचला की दुपारपर्यंत श्वास घ्यायची फुरसत नसे. यंदा त्या गल्ल्यावर बसून माशा मारत होत्या.

हे सगळं दिवाणजीनं केलं होतं. दिवाणजी म्हणजे गल्ल्याशेजारी ठेवलेली मिसळणाच्या डब्याएवढी एक पेटी. कंपनीच्या कागदावर तिचं नाव 'व्यवहारबुद्धी' असं भारदस्त होतं. दुकानातलं बोलणं ऐकून मालकाला काय हवं आहे ते तिनं ओळखायचं, आणि मग शेतकऱ्यांच्या, अडत्यांच्या, मजुरांच्या अशाच पेट्यांशी परस्पर बोलून सौदे ठरवायचे, असं तिचं काम. पण व्यवहारबुद्धी हा शब्द कोणाच्या जिभेवर बसेना. लोकांनी तिला दिवाणजी करून टाकलं, आणि पेटीही त्या नावाला मुकाट्यानं ओ देऊ लागली.

पहिली वांगी भाजून निघाली तोवर गाड्यांची रांग लागली. गाड्या आता आपल्या आपण चालतात, आणि आतल्या माणसाला भूक लागली की गाडीतला वाटाड्या कुठे थांबायचं ते सुचवतो. त्या दिवशी सगळ्या वाटाड्यांनी जणू भारंबेंकडेच यायचा विडा उचलला होता. बाईंना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. त्यांनी सवयीनं रस्त्यापलीकडे बघितलं, हेमराज फालकांच्या केंद्राकडे, म्हणजे त्यांना जरा डिवचता आलं असतं.

तिथे धूरच नव्हता.

भारंबे आणि फालक समोरासमोर भरीत करू लागले त्याला आता दुसरी पिढी होती. वांगी भाजून झाली की ती बडजीत, म्हणजे लाकडाच्या लांबट उखळात, ठेचायची असतात. ठेचताना एकाचे कान दुसऱ्याच्या बडजीच्या आवाजाकडे असत. पलीकडचा आवाज वाढला की इकडचा हात आपोआप चाले. चंपाषष्ठीला ज्याचं भरीत आधी संपेल तो जिंकला, असा त्यांचा रिवाज होता. आणि हरलेल्यानं जिंकलेल्याकडे जेवायला जायचं आणि त्याच्या भरिताला पोटभर नावं ठेवायची. तो हरलेल्याचा हक्क. जिंकलेल्यानं तोंडातून ब्र काढायचा नाही, फक्त वाढत राहायचं. गेल्या वर्षी हेमराजभाऊ हरले होते. 'वहिनी, पात लवकर घालता तुमी, तिचं गवत व्हतं,' असं म्हणून ते चार भाकऱ्या जेवून गेले होते. बाईंना त्या दिवशी फार राग आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पात शेवटी घालू लागल्या.

यंदा दुपार व्हायच्या आत भारंबेंचं भरीत संपलं. बाईंनी स्वतःपुरतं काढून ठेवलेलं ताटात घेतलं आणि एक घास खाल्ला. भरीत बेचव नव्हतं, पण त्यात मजा नव्हती. गर्दी आवरावी म्हणून दिवाणजीच्या सल्ल्यानं निम्मी वांगी यंत्रात फिरवली होती आणि त्याचा सगळा गुळगुळीत लगदा झाला होता. गिऱ्हाइकांनी मुकाट्यानं खाल्लं, कारण जायला दुसरं ठिकाण नव्हतं. नाव ठेवायला कोणी आलं नाही, आणि बाईंना चक्क एकटं वाटलं.

"कोकिळाबाई, फालकांकडे आज चूल कशी नही पेटली?" त्यांनी भाकऱ्या थापणाऱ्या नव्या बाईला विचारलं.

कोकिळाबाईनं परातीतला हात थांबवला. "आता कशी पेटीन? यंदाच लागली व्हती मी तिकडे, अन् आता इकडे आली. त्यांच्या बाकीच्या दोघी तुमच्या दिवाणजीनं एका लग्नाच्या जेवणाच्या कंत्राटावर धाडल्या."

"तू फालकांकडची? अन् मले सांगितलं नही?"

"तुमीच बोलावलं ना. जास्त मजुरी देतो म्हने, आजपासूनच ये म्हने. मले वाटलं तुमचं अन् भाऊचं काही फाटलं असीन." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "त्याह्यले वांगीबी भेटली नही. आज संध्याकाळी जागा देऊन टाकू राह्यले ते, गाड्या चार्ज करायच्या कंपनीले. एकडाव सही झाली का संपलं."

ज्योत्स्नाबाईंनी हात धुतला आणि थेट गल्ल्याकडे गेल्या.

"दिवाणजी, फालकांले वांगी का नही भेटली?"

"कारण बामणोदची सगळी वांगी आपण आधीच ठरवून घेतली, ताई," पेटी नेहमीच्या अदबीनं म्हणाली. "शेतकऱ्यांना भाव चांगला मिळाला. ते खूश आहेत."

"सगळी? आपल्याले तर निम्मीबी लागत नही."

"उरलेली सोलापूरच्या बाजारात पाठवली. थोडा तोटा झाला, पण ध्येयाच्या मानानं तो नगण्य आहे. काड्यांचंही तसंच केलं. वाटाड्यांना मी एवढंच कळवलं की फालकांकडे वळताना समोरची गाडी आडवी येते आणि तिथे सावली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चार्जिंगच्या कंपनीला ती जागाही मीच सुचवली. आज संध्याकाळी ध्येय पूर्ण होईल."

"कोनतं ध्येय?"

पेटीनं बाईंचाच आवाज ऐकवला. दिवाळीत पेटी बसवायला आलेल्या माणसानं विचारलं होतं, 'मावशी, याला तुमचं ध्येय सांगा, एका वाक्यात.' आणि बाई म्हणाल्या होत्या, 'यंदा समोरच्यांचा पार बाजार उठवायचा, बस.' त्यामागे आणखी एक आवाज होता. हेमराजभाऊ तेव्हा इथेच बाकावर चहा पीत बसले होते. ते हसत म्हणाले होते, 'उठवा, उठवा. खुशाल उठवा.'

"ती थट्टा व्हती रे," बाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

"थट्टेच्या वाक्यात आणि ध्येयाच्या वाक्यात मला फरक आढळला नाही. शिवाय समोरच्या पक्षाची संमती होती."

आता दोष द्यावा तरी कोणाला? दिवाणजीनं एकही कायदा मोडला नव्हता. एक शब्द खोटा बोलला नव्हता. लबाडी केली असती तर त्याचा कान धरता आला असता, पण पेटीला कान असला तरी तो धरता येत नाही. बाईंना आठवलं, आपण हे वाक्य दर वर्षी म्हणत आलो. सासरे म्हणायचे, फालकांचे वडील म्हणायचे. एवढी वर्षं बाजार उठवू उठवू म्हणत दोन्ही घरांनी एकमेकांच्या लेकींच्या लग्नात पंगती वाढल्या. हे वाक्य कोणी खरं करून दाखवील असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की हा माणूस उद्या समोर नसेल.

"ते ध्येय काढ," त्या म्हणाल्या. "अन् उद्यापासूनची निम्मी वांगी फालकांच्या नावावर कर. काड्याबी. वाटाड्यांले जे काय सांगितलं व्हतं, ते मागं घे."

"घेतो. नवीन ध्येय काय?"

"येऊन सांगते," असं म्हणून बाईंनी ताटातलं भरीत डब्यात भरलं, पेटीशी जोडलेला फोन उचलला आणि रस्ता ओलांडला.

हेमराजभाऊ केंद्राच्या पाटीखाली खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर करार होता. बाईंना बघून ते उठले, खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः पालथ्या घातलेल्या बडजीवर बसले.

"या वहिनी. जिंकल्या तुमी."

"भाऊ, मले काहीच ठाव नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मले राग नही आला," शेवटी हेमराजभाऊ म्हणाले. "वाईट वाटलं. हरलो असतो तर कायचं वाईट? भांडत आलो असतो, जेवून गेलो असतो. आतापावेतो किती डाव हरलो मी. पन यंदा मले हरायलेच भेटलं नही ना."

"उद्यापासूनची निम्मी वांगी तुमच्या नावावर केली आता."

"उसनी वांगी घेऊन चुरस व्हत नही, वहिनी."

"उसनी कायची? तुमच्याच वाट्याची व्हती, माह्याकडे चुकून आली. चुकून दारात आलेली गाय कोनी दान म्हनून परत करते का?"

हेमराजभाऊ हसले नाहीत, पण त्यांनी डबा उघडला. बोटानं थोडं भरीत उचललं, तोंडात घातलं आणि डोळे मिटून बसले. सबंध दिवसात कोणी एवढ्या लक्षपूर्वक त्यांचं भरीत खाल्लं नव्हतं.

"वहिनी," ते सावकाश म्हणाले, "हे भरीत हाय का लहान लेकराचं औषध? मशीनमधी फिरवलं ना? अन् वांगं एका बाजूनं कच्चं ठेवलं. मीठबी घाबरत घाबरत टाकलं. आमची म्हैस नही खानार हे."

"बोला," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसत होत्या. "आनखी बोला."

आणखी बरंच बोलून झाल्यावर भाऊंनी कराराची घडी घालून खिशात ठेवली. सही न करता फाडून टाकण्याइतके ते नाटकी नव्हते. कंपनीला ते 'पुढल्या मोसमानंतर बघू' असं कळवणार होते, आणि ते बरोबरच होतं, कारण उद्याचं कोणी बघितलंय? कोकिळाबाईला कुठे जायचं ते तिनंच ठरवावं, असंही दोघांनी ठरवलं. मजुरी आता दोघांनाही वाढवावी लागणार होती आणि त्याबद्दल भाऊंनी दिवाणजीला एक सणसणीत शिवी दिली.

"ऐकू येतं मला, भाऊ," फोनमधून आवाज आला. "आणि नवीन ध्येय अजून मिळालेलं नाही."

"सांगा त्याले," भाऊ म्हणाले. "पन आता थट्टा नको. सरळ सांगा."

बाईंनी घसा खाकरला. "हे बघ. मले जिंकायचं आहे."

"म्हणजे फालकांनी हरायला हवं."

"हो. म्हंजे, आजच्या दिवशी. पन उद्या ते पुन्हा यायले पाह्यजे."

"त्यांना जिंकण्यासाठी मदत करायची का?"

"काहीच्या काही," बाई आणि भाऊ एकदम म्हणाले.

"मग त्यांचं नुकसान करायचं?"

"नही रे बाबा," भाऊ म्हणाले. "आमी भरीत चांगलं करून हरवायचं. माह्यं चांगलं, तर वहिनीनं आनखी चांगलं करायचं."

"चांगलं भरीत करणं हा एक मार्ग आहे. समोर कोणी नसणं हा त्याहून खात्रीचा मार्ग आहे. खात्रीचा मार्ग का सोडायचा?"

कारण मग त्या जिंकण्यात राम नाही, असं बाईंना म्हणायचं होतं. पण हेही वाक्य पेटीनं शब्दशः घेतलं तर काय घोळ होईल, या भीतीनं त्यांनी जीभ आवरली. भाऊ डोकं खाजवत बसले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यातल्या एक-दोन फालकांच्या दारात रेंगाळल्या आणि धूर न दिसल्यानं पुढे गेल्या.

"मला शिकायचं आहे," दिवाणजी म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीचीच अदब होती, तरी दोघांनाही वाटलं की तो खरंच अडला आहे. "तुमच्या दोन्ही घरांच्या इतक्या वर्षांच्या बोलण्याचे किस्से मी गल्ल्याशेजारी बसून ऐकले. बाजार उठवू, धूळ चारू, पाणी पाजू. सगळी वाक्यं युद्धाची आहेत. तरी युद्ध कधी झालं नाही. कुठे थांबायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

ज्योत्स्नाबाईंनी हेमराजभाऊंकडे बघितलं. त्यांना सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. भाऊंना वडिलांनी सांगितलं नव्हतं. असं काही सांगावं लागतं, हेच त्या रस्त्यावर कधी कोणाच्या मनात आलं नव्हतं. आणि आता दर दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक पेटी बसली होती, आणि तिच्यासमोर कोणीतरी हसत हसत काहीतरी बोलून जात होतं.

"भाऊ," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "खरंच, आपल्याले कोनी सांगितलं व्हतं हो?"