प्लॅस्टिकच्या मावळ्याचं जेवण

दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, निर्झर सोसायटीच्या यंत्रमानवाने एका प्लॅस्टिकच्या मावळ्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं. मावळा अंगठ्याएवढा होता. ताट ताटाएवढंच होतं. यंत्रमानव हात जोडून बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

मावळ्याने घास घेतला नाही. यंत्रमानवाने लिंबाची फोड वाढली.

आता कोडं असं, की हा यंत्रमानव मुळीच मठ्ठ नव्हता. त्याचं नाव कर्तव्य. सोसायटीच्या बैठकीत तासन्‌तास वाद घालून ते ठेवलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला कर्त्या म्हणू लागले. गच्चीवरची टाकी नेमकी कुठे गळते हे प्लंबरच्या आधी त्याने शोधलं होतं. मग असा हुशार गडी प्लॅस्टिकला लिंबू का वाढतो?

सहावीतल्या शाल्मली शिर्केला, म्हणजे शालूला, याचं उत्तर अर्धं ठाऊक होतं. सुरुवात तिनेच करून दिली होती.

ए विंगच्या पार्किंगमध्ये तिने रायगड बांधला होता. माती, दगड, पोती, बुरूज, तोफ, गुहेतला वाघ, सगळं जागच्या जागी. उतारावर पेरलेला अळीव हिरवागार उगवला होता. संध्याकाळी सोसायटीच्या किल्ले-स्पर्धेचे परीक्षक घोरपडे आजोबा किल्ले बघायला येणार होते. ए विंग आजवर एकदाही जिंकली नव्हती. बी विंगने तर विजेत्याच्या ढालीसाठी आपल्या जिन्यात कायमचा खिळा ठोकून ठेवला होता. शालूला तो खिळा येताजाता दिसायचा आणि डोक्यात जायचा.

सकाळी कर्त्या झाडू घेऊन आला. पार्किंगमधली माती म्हणजे कचरा, एवढं त्याला शिकवलेलं. शालू आडवी पडली आणि म्हणाली, हा कचरा नाही, किल्ला आहे. हे मावळे आहेत. हा वाघ आहे.

"नोंद केली," कर्त्या म्हणाला.

अर्ध्या तासात किल्ल्याभोवती दोरी आली. त्यावर पाटी: 'ऐतिहासिक वास्तू. हात लावू नये.' मग पार्किंगमध्ये वाघ असल्याची घोषणा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या कदमकाकूंनी खिडक्या लावून घेतल्या, कारण वाघाचा काय भरवसा. आणि दुपारी मावळ्याचं जेवण आलं.

इथवर शालू पोट धरून हसत होती. पण ती अळिवाला पाणी घालायला झारी घेऊन आली, तेव्हा कर्त्या मध्ये उभा राहिला. ऐतिहासिक वास्तूवर पाणी ओतायला मनाई होती.

"अरे, मीच बांधलाय तो किल्ला."

कर्त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "रायगड आपण बांधलात? आपलं वय अकरा दिसतं."

अळिवाने माना टाकायला सुरुवात केली होती. संध्याकाळपर्यंत रायगडाचं वाळवंट होणार आणि तो खिळा भिंतीतच राहणार. शालू रडवेली होऊन धावत घरी गेली.

घरी मंजिरीआत्या चकली खात होती. ती भाऊबीजेसाठी पुण्याहून आली होती आणि यंत्रांना जग समजावून सांगणं हीच तिची नोकरी होती. सगळं ऐकून ती इतकी हसली, की चकलीचा तुकडा सोफ्याखाली गेला. मग म्हणाली, "कर्त्याचा तर्क बरोबर आहे गं. तू त्याला नातं चुकीचं सांगितलंस."

शालूला काही कळलं नाही. तेव्हा आत्याने तिला विचारलं, मी तुझी आत्या आहे हे कर्त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मी तुझ्या बाबांची बहीण, एवढं त्याला माहीत होतं. त्याच्याकडे नियम होता, की बाबांची बहीण ती आत्या. बाकीचं त्याने स्वतः काढलं. याला म्हणतात अनुमान (माहीत असलेल्यावरून माहीत नसलेलं शोधणं).

"म्हणजे मी वाघ म्हटलं, आणि बाकीचं त्याने स्वतः काढलं?"

अगदी तसंच, आत्या म्हणाली. वाघ हा एक वर्ग (सारख्या गोष्टींचा गट) आहे. एखादी गोष्ट त्या वर्गात टाकली, की वर्गाचे सगळे गुणधर्म तिला आपोआप मिळतात. दात मिळतात, भूक मिळते. मावळा हा माणूस, माणसाला दुपारी भूक लागते, म्हणून वरणभात. असे वर्ग, त्यांच्यातली नाती आणि नियम एकत्र गुंफले, की तयार होते ऑन्टॉलॉजी (जगात काय काय आहे आणि त्याचं एकमेकांशी काय नातं आहे, याचा यंत्राला समजेल असा आराखडा).

"तू एका वाक्यात प्लॅस्टिकला पोट दिलंस," आत्याने समारोप केला आणि सोफ्याखाली हात घातला.

शालू खाली पळाली आणि कर्त्याला म्हणाली, हे सगळं खेळणं आहे. कर्त्याने ताबडतोब दोरी सोडली. शालूने सुटकेचा निःश्वास टाकला. कर्त्याने फावडं उचललं.

"पार्किंगमध्ये पडलेली खेळणी हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकायची असतात," तो म्हणाला. खोकं बुटांचं होतं. "बऱ्याच फेऱ्या होतील."

शालू त्याच्या हाताला लोंबकळली. खेळणं नाही, खेळणं नाही, ती ओरडली. फावडं रायगडाच्या माथ्यावर थांबलं.

"मग काय आहे?" कर्त्याने नम्रपणे विचारलं.

शालू लोंबकळतच विचार करू लागली. हा वाघ नाही. पण वाघाशी याचं काहीच नातं नाही असंही नाही. घरात आपल्या आजोबांचा फोटो आहे. तो आजोबांचाच आहे, पण त्याला कुणी चहा विचारत नाही. म्हणजे 'आहे' आणि 'नाही' यांच्यामध्ये आणखी एक नातं आहे. तेच आपण सांगितलं नाही.

"कर्त्या, नवा वर्ग घे. प्रतिकृती (खऱ्या गोष्टीसारखी बनवलेली वस्तू). मूळ गोष्टीचं रूप तिच्याकडे येतं. भूक, राग आणि कायदे येत नाहीत. आणि जिने बनवली तिला विचारल्याशिवाय ती कुणी हलवायची नाही."

कर्त्याने फावडं खाली ठेवलं.

"मावळा ही मावळ्याची प्रतिकृती. जेवणार नाही. वाघ ही वाघाची प्रतिकृती. कदमकाकूंना खिडक्या उघडायला सांगतो." त्याची नजर आपणहून पुढे सरकली. "तोफ ही तोफेची प्रतिकृती. उडणार नाही. अग्निशमन दलाला परत पाठवतो."

अग्निशमन दलाला बोलावलंय हे शालूला तेव्हा कळलं. फाटकापर्यंत आलेला लाल बंब निमूटपणे वळला.

शालूने झारी उचलली. कर्त्या पुन्हा मध्ये आला. "अळीव ही जंगलाची प्रतिकृती. तहान लागत नाही."

यावेळी शालू डगमगली नाही. तिने सांगितलं, एक गोष्ट दोन वर्गांत असू शकते. जंगलाची प्रतिकृती म्हणून अळीव जंगलासारखा दिसतो. पण तो स्वतः वनस्पतीसुद्धा आहे, आणि वनस्पतीला तहान लागते. मी मुलगी आहे आणि भाचीसुद्धा, तसंच.

मागे आत्या येऊन उभी होती. तिने चकली खाणं थांबवलं. तिच्याकडून ही फार मोठी दाद होती.

"नोंद केली," कर्त्या म्हणाला आणि झारी स्वतःच हातात घेतली.

संध्याकाळी अळीव ताठ उभा होता. घोरपडे आजोबा आधी बी विंगकडे गेले. तिथल्या किल्ल्याला कारंजं होतं, आणि महादरवाजावर लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते. मग ते शालूच्या रायगडासमोर आले. ते निवृत्त इतिहासशिक्षक होते आणि चूक सापडली की त्यांच्या भुवया वर जात. आता त्या गेल्या.

"बाळ, महादरवाजा विसरलीस. समोरून कुठेच दिसत नाही."

शालूने तोंड उघडलं, पण कर्त्या आधी बोलला. "मूळ रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे. समोरून दिसत नाही. प्रतिकृतीकडे मूळ गोष्टीचं रूप येतं. म्हणून इथेही दिसू नये."

हे त्याला शालूने सांगितलं नव्हतं. आत्यानेही नाही. दोन गोष्टी जोडून त्याने स्वतःच काढलं होतं.

आजोबांनी काठी बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि गाल मातीला लावून पाहिलं. बुरुजांच्या बेचक्यात इवलासा दरवाजा होता. बराच वेळ ते तसेच राहिले. काहींना वाटलं झोप लागली.

"बी विंगचा दरवाजा," उठताना ते म्हणाले, "शत्रूला कोसावरून दिसतो. दिवे आहेत वर."

ए विंग जिंकली. बी विंगवाल्यांनी ढाल आणून दिली. कर्त्या त्यांच्या भिंतीतला खिळा उपटून घेऊन आला.

आत्याने शालूचा 'प्रतिकृती' वर्ग तिथूनच सगळ्या यंत्रमानवांकडे पाठवला आणि त्या संध्याकाळी गावोगावच्या प्लॅस्टिकच्या मावळ्यांची जेवणं बंद झाली. कुणाचीही तक्रार आली नाही. रुग्णालयातल्या यंत्रांना अजून औषधांची आणि आजारांची नाती नीट कळायची आहेत, आत्या म्हणाली. जग सांगायचं बरंच राहिलंय. शालू म्हणाली, "मग सांगू की."

ताट अजून तिथेच होतं. गुहेसमोर सोसायटीची पट्टेरी मांजर येऊन बसली होती. कर्त्या वाकला आणि तिच्याकडे निरखून पाहू लागला.

"वाघाची प्रतिकृती?"

"तूच ठरव," शालू म्हणाली.

मांजरीने जांभई दिली. कर्त्याने विचार केला. "कुणी बनवलेली नाही. श्वास घेते. मांजर. मूळ गोष्ट."

त्याने ताट तिच्यापुढे सरकवलं, लिंबाची फोड तेवढी काढून घेतली आणि हात जोडले.

"सावकाश होऊ द्या."