मिठाचे हात

केळवंडी नदीच्या खोऱ्यातल्या पाण्याला आता कसलीच चव नसते, आणि लोकांना त्याचा कोण अभिमान! पाहुणा आला की चहाच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. "पिऊन तर बघा," म्हणतात. पाहुणा "वा" म्हणेपर्यंत त्याची सुटका नाही. याच पाण्यात पूर्वी डाळ शिजत नव्हती, साबणाला फेस येत नव्हता आणि दूध घातलं की चहा फाटत होता, हे सांगायलाही कुणी विसरत नाही.

तेव्हा झालं होतं ते तसं साधं होतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. किनाऱ्याजवळच्या जमिनीखाली ते समुद्राच्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. आपण वरून उपसत गेलो की साय पातळ होते आणि खारं पाणी रेतीतून आत सरकतं. बागायतदारांनी पंप लावले, हॉटेलवाल्यांनी बोअर मारल्या, आणि समुद्र जमिनीखालून पार वरच्या गावांपर्यंत आला. डोळ्यांना दिसला नाही, म्हणून कुणी आरडाओरडाही केला नाही.

मग डॉ. यशोधरा मोहिते आली आणि तिने क्षारबंध आणला. क्षारबंध म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला एक जीवाणू. गोड्या पाण्यात तो रेतीच्या कणाला चिकटून झोपून राहतो. पाण्यात मीठ वाढलं की जागा होतो, डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतो आणि आजूबाजूच्या भाऊबंदांनाही उठवतो. रेतीतल्या फटी बुजतात, पाणी थांबतं. यशोधराने हे जीवाणू खाडीच्या काठाकाठाने जमिनीत सोडले आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे खाली भिंत उभी राहिली. समुद्र अडला. लोकांनी जीवाणूचं नाव ठेवलं मीठखाऊ. तो मीठ खात नाही हो, हे बिचारीने किती सभांमधून सांगितलं. पण नाव पडलं ते पडलं.

मीठखाऊ भिंतीपाशीच बसून राहिला नाही. हळूहळू तो खोऱ्यातल्या सगळ्या झऱ्यांमध्ये पसरला. गोड्या पाण्यात तो झोपलेलाच असतो, तेव्हा पसरला तर पसरला, असं सगळे म्हणाले. यशोधराही तेच म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी, भिंतीच्या आतल्या अंगाला, दांडेवाडी आहे. बारा घरं, मासे खारवून जगणारी. वाडीला एकच विहीर. तिकडे विहिरीला बाव म्हणतात. दर उन्हाळ्यात बाव उपसायची, गाळ काढायचा आणि शेवटी वाडीतल्या थोरल्या बाईने ओंजळी भरभरून मीठ आत टाकायचं, पाणी शुद्ध व्हावं म्हणून. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आता अनसूया सारंग ही वाडीतली थोरली बाई. यंदा तिने मीठ टाकलं तेव्हा मीठखाऊ बावीच्या झऱ्यांत पोचलेला होता आणि तळाला पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. तेवढ्या पाण्यात तेवढं मीठ म्हणजे समुद्रच झाला. मीठखाऊ जागा झाला आणि त्याने त्याचं काम चोख केलं. झरे परत फुटलेच नाहीत.

यशोधरा विहिरीत उतरून वर आली तेव्हा तिच्या बोटांना बुळबुळीत डिंक लागलेला होता. अनसूया काठावर बसली होती.

"काकी, मीठ घातलंत?"

"घातलंय तर. माझ्या सासवेन घातला, तिच्या सासवेन घातला. मीठ नाय घातला तर बाव कोण पितला?"

यशोधराने सगळं समजावून सांगितलं. अनसूयाने ते नीट ऐकून घेतलं.

"मगे सोडव ती. तूच आणलंस ना ह्यांका हय?"

"सोडवायचं औषध आहे माझ्याकडे." खोटं बोलणं यशोधराला जमत नसे. "गाडीतच आहे."

"मगे बसलंस कित्याक?"

"काकी, ते औषध डिंक विरघळवतं. पण ते तुमच्या बावीत थांबणार नाही. खालचं पाणी इथून खाडीकडे जातं. पहिल्या पावसात औषध भिंतीला लागेल आणि भिंत विरघळेल. मग समुद्र परत आत."

"सगळी भिंत?"

"किती, ते मलाही सांगता येत नाही. म्हणूनच भीती वाटते."

अनसूयाने बावीत वाकून बघितलं.

"म्हंजे आमची बारा घरां एका बाजूक आणि सगळा खोरा एका बाजूक."

"हो."

"तुझा खरा आसा, बाय. पण माका तुझो राग येता."

यशोधराने खाली बघितलं. तिला स्वतःचाही राग येत होता, पण औषध तिने गाडीतून काढलं नाही.

दुसरी विहीर अशी जाऊ नये म्हणून तिने गावोगावी बोर्ड लावले. 'विहिरीत मीठ टाकू नये' एवढं लिहून भागणार नव्हतं. मासे खारवलेल्या पिंपातलं पाणी काठावर सांडलं तर? मिठाची टोपली घसरली तर? हाताला लागलेल्या मिठाने विहीर बुजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण रेघ कुठेतरी मारायला हवी, म्हणून खबरदारी घेत तिने ती बरीच अलीकडे मारली. 'मिठाचे काम करणाऱ्यांनी विहिरीपासून दूर राहावे.' छान ठसठशीत अक्षरात.

दांडेवाडीच्या बायका आता पाण्यासाठी वरच्या केळवण गावात जातात. तिथे अनसूयाची लेक शेवंती दिलेली आहे, त्यामुळे तेवढा आधार. वैशाखात एकदा यशोधराला तिथल्या पाण्याची तपासणी करायची होती, म्हणून तिने अनसूयाला गाडीतून बरोबर घेतलं. अनसूया न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून निघाली होती.

शेवंती विहिरीवर होती. आईला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला.

"आये, थयच थांब हां. पुढे येव नको."

"न्हावन इलंय गो मी."

"माका म्हायत आसा. पण बोर्ड लावलो आसा ना."

अनसूया थांबली. शेवंतीने कळशी भरून आणली आणि आईच्या हंड्यात उंचावरून ओतली, कळशी हंड्याला लागणार नाही अशी. अनसूयाला तहान लागली होती. तिने ओंजळ पुढे केली. लेकीने हात लांब करून वरून पाण्याची धार धरली. ओटीवरून शेवंतीची सासू बघत होती.

 यशोधराच्या पणजीला असंच पाणी मिळायचं, विहिरीपासून लांब, वरून. घरात ती गोष्ट फार कमी वेळा निघायची आणि निघाली की सगळे गप्प व्हायचे.

"असं करू नका," ती सासूला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हाताच्या मिठाने विहिरीला काही होत नाही. मी सांगते ना, मी शास्त्रज्ञ आहे. त्यांना येऊ द्या विहिरीवर. त्यांना स्वतःच्या हाताने पाणी काढू द्या."

सासू काही भांडखोर नव्हती. ती खाली उतरून आली आणि अगदी आदराने म्हणाली, "तुमी म्हणतास ता खरा असतला, मॅडम. पण समजा बुजली, तर आमची बाव सोडवून देतलास?"

यशोधराकडे उत्तर होतं, 'नाही', आणि ते समोर उभ्या असलेल्या अनसूयालाही ठाऊक होतं.

 शेवंती कळशी घेऊन तशीच उभी होती.

"ओत गो," अनसूया म्हणाली, आणि तिने परत ओंजळ पुढे केली.