गार कार्ड खोटं बोलतं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मला वेड्यात काढू नका, कारण तेव्हा मध्यरात्र वगैरे काही नव्हती.

भर दुपार होती. जानेवारीतला मंगळवार. बल्गेरियातल्या सोफिया शहरातलं आमचं दुकान.

दुकान तळघरात आहे. खिडकी फुटपाथला टेकलेली. गिऱ्हाईक बाहेर उकिडवं बसतं, खिडकीतून वस्तू देतं, घेतं. आत बसलेल्या माणसाला दिसतात ते फक्त बूट. इतकी वर्षं झाली, मी माणसं चेहऱ्यावरून नाही, बुटांवरून ओळखतो.

आम्ही कंप्युटरची जुनी ग्राफिक्स कार्डं घेतो, तपासतो, विकतो. हे काम मला नायदेनकाकांनी शिकवलं. कार्डाच्या मेमरीत एक नक्षी भरायची आणि ती परत वाचायची. जे भरलं तेच परत आलं तर कार्ड चांगलं. पण काका म्हणायचे, "ओग्न्यान, गार कार्ड खोटं बोलतं. तापव, मग बोलायला लाव."

म्हणून कार्डावर जुना टॉवेल टाकून ते अर्धा दिवस तापवत ठेवायचं. दुखणं असेल तर तेव्हा बाहेर पडतं.

काका बाहेर सिगारेट ओढत उभे असायचे. मी घाई करून टॉवेल न टाकताच कार्ड पास केलं, की बुटाच्या टोकाने काच वाजवायचे.

टक... टक.

म्हणजे, गार आहे. खोटं बोलतंय.

काका नोव्हेंबरात गेले. जाताना दुकान माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "नाव राख."

तेव्हापासून तपासायचं काम लाचेझारकडे, आमच्या लाचोकडे. माझ्या धाकट्या बहिणीचा, रालित्साचा नवरा. गोड बोलणारा माणूस. मला गोड बोलणाऱ्यांचा भरवसा नाही. बायको म्हणते, मी सुतावरून स्वर्ग गाठतो. म्हणू दे.

कारण कार्डं परत यायला लागली होती.

त्या मंगळवारी इस्क्रा आली. लग्नाचे व्हिडिओ करते. लाल बूट. खाली बसली ती तणतणतच.

"ओग्न्यान, हे घे तुझं रत्न! नवरीच्या तोंडावर हिरव्या पट्ट्या! काका होते तेव्हा असलं कधी झालं होतं का?"

माझी मान खाली गेली.

ती गेल्यावर लाचो जेवण आणायला बाहेर पडला. मी दार लावून घेतलं. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावू. चोर घरातलाच निघाला, तर बहिणीच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ? आणि गप्प बसलो, तर काकांना दिलेला शब्द?

इस्क्राचं कार्ड जोडलं. चाचणी लावली.

सगळं हिरवं. एकही चूक नाही.

मी डोकं खाजवलं. म्हणजे इस्क्राच खोटं बोलतेय?

तेवढ्यात खिडकीत बूट आले.

तपकिरी. जुने. डाव्या बुटाला... हिरवी नाडी.

ती नाडी मीच दिली होती काकांना.

बूट थांबले. कुणी खाली वाकलं नाही.

मला भीती नाही वाटली हो, राग आला. वाटलं, काकूंनी बूट रिवाजाप्रमाणे काकांच्या चाळिसाव्या दिवशी कुणाला तरी दिले असणार. आणि घातलेत आमच्या लाचोबांनी. माझी गंमत करायला!

"लाच्या! थेरं पुरे! वाक खाली!"



मग डावा बूट थोडा मागे गेला...

टक... टक.

का ते विचारू नका, पण मी मुकाट्याने टॉवेल उचलला आणि कार्डावर टाकला. बूट तिथेच उभे. कार्ड तापत गेलं. आणि अर्ध्या तासातच पडद्यावर लाल ओळी उमटायला लागल्या. एक, दोन, मग ढीगभर.

मान वर केली, तर खिडकी रिकामी.

मी दार उघडून पायऱ्या चढून वर धावलो. रस्त्यावर कुणी नाही. फुटपाथवर बर्फाचा कडक थर होता. फक्त खिडकीसमोर दोन पावलांएवढी जागा वितळलेली. हात लावला...

फरशी गरम होती.

"दादा, थंडीत काय करतोयस?"

मागे लाचो. हातात बानित्साची, चीज भरलेल्या गरम पेस्ट्रीची पुडी. पायात स्वतःचे काळे बूट.

मी त्याला आत ओढलं. "काकांचे बूट कुठायत?"

तो चपापला. "तुला कुणी सांगितलं? काकूंनी मला दिले. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तुझ्या डोक्यावरच्या फळीवर आहेत की."

त्याने खोकं काढलं. वर धूळ होती. दोरी बांधलेली होती.

उघडलं.

तळवे ओले होते. ताज्या बर्फाचं पाणी.

"तूच घातलेस!"

"अरे, मला होतच नाहीत! बघ!" त्याने पाय घातला. टाच आत जाईना. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दादा... हे आतून गरम का आहेत?"

मी बूट टेबलावर ठेवले आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"लाचो, एकच विचारतो. तू कार्डं तापवून तपासतोस ना?"

"हा काय प्रश्न झाला? रालित्साची शपथ! एकूण एक!"

टक... टक.

दोघांनीही खिडकीकडे पाहिलं.

बाहेर कुणी नव्हतं. बूट तर आमच्यासमोर, टेबलावर होते.

लाचो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "नव्हतो तापवत, दादा. एकही नाही. बाळ रात्रभर झोपू देत नाही... लवकर घरी जाता यावं म्हणून..."

विकलेली सगळी कार्डं आम्ही परत मागवली. लाचोला मी काढलं नाही. बहिणीचं घर या दुकानावर चालतं. आता तो इमानाने टॉवेल टाकतो, मी बघतो ना. बूट काकूंना परत नेले, तर त्यांनी हातही लावला नाही. "दुकानातच राहू देत," एवढंच म्हणाल्या.

हे सगळं लिहून झाल्यावर काल सकाळी, दुकानात एकटा असताना, मी मोठ्याने म्हणालो, "ही गोष्ट खरी आहे."

काच गप्प.

बरं वाटलं. जरा हसूही आलं. मग सहजच म्हणालो,

"आणि लाचोवर माझा आता पूर्ण विश्वास आहे."

टक...

टक.