एक ओळ जास्त

कोकिळाच्या घरातली खुंटी पुनाआबांच्या मापानं ठोकलेली होती. सहा फुटी माणूस तो. दुसऱ्या कुणाचा हात तिथं पोचायचा नाही. रोज सकाळी आबा खुंटीखाली भिंतीला डोकं टेकवून उभ्यानंच चहा घेत आणि मग खुंटीवरची टोपी काढून लेकीला धुळ्याच्या एसटीपर्यंत सोडायला निघत. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा भिंतीवर हा एवढा डाग पडला होता.

"भिताडनी बठ्ठी वाट लाई टाकी!" म्हणून कोकिळाची आई भिकुबाई कुरकुरायची. आबा नुसते हसत. पोरीला कॉम्प्युटर शिकवायचं म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली, तेव्हाही असेच हसले होते.

त्र्याण्णव साल होतं. धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये रतिलाल सरांचा क्लास. कोर्सच्या शेवटी आकडेवारीचा प्रोग्राम स्वतः लिहायचा, सरावाची माहिती त्यात भरायची, उत्तर जुळलं तरच सर्टिफिकेट. कोकिळाचा प्रोग्राम तयार होता, पण माहितीच मिळेना. एका फ्लॉपीला बुरशी, दुसरी मशीन वाचेना. शनिवारी सकाळी कपाटाच्या तळाशी तिसरी सापडली. पाकिटावर शाईनं लिहिलं होतं: सरावासाठी, माणसं २११. त्याखाली सरासरी उंची.

"ही कुठल्या गावची, सर?"

"माझी नाही बुवा ही," सर म्हणाले. "पण चालते ना? मग भर की."

चालली. पडद्यावर ओळी उतरल्या: घर क्रमांक, वय, उंची. नावं नव्हती. ओळी मात्र २१२ निघाल्या आणि उत्तर काही केल्या जुळेना. जास्तीची ओळ कुठली? तिनं उंचीप्रमाणे यादी लावली. सगळ्यात वर आलं वय ६३, उंची १८३ सेंटिमीटर.

एवढा ताडमाड म्हातारा कुठल्या गावात असतो! लिहिणाऱ्यानंच घोळ घातला असणार. तिनं ओळ पुसली, यादी फ्लॉपीवर साठवली, प्रोग्राम चालवला. उत्तर दशांशासकट जुळलं, आणि सरांनी सही ठोकली.

स्टँडवर बसची वाट बघताना तिनं छापलेला कागद उलगडला. घर ३८ मध्ये दोन माणसं होती. वय ५२, उंची १४९. वय २३, उंची १५२.

ती स्वतः तेविसाची. गेल्याच महिन्यात नोकरीच्या फॉर्मवर तिनं उंची १५२ भरली होती. आणि मलेरियाच्या फवारणीवाल्यांनी तिच्या दारावर गेरूनं घातलेला आकडाही अडतीसच.

घरात उंची फुटांतच बोलायची सवय. सेंटिमीटरमध्ये आबांना कुणी कधी मोजलंच नव्हतं. तिनं आता मनातल्या मनात हिशेब केला. १८३ म्हणजे सहा फूट. आणि आबांचं वय त्रेसष्टच.

घरी पोचली तर खुंटी रिकामी होती. भिकुबाई तूर पाखडत बसली होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"माय, आबा कोठे शेतस?"

"कोन आबा व?"

"भिताडवर डाग कोना शे मंग?"

"काय माहीत. कितलाबी घसा, निंघत नही." भिकुबाई पुन्हा सूप हलवू लागली.

कोकिळा आल्या पावली पळत सुटली. बस नव्हती, तर टेंपोत कापसाच्या गाठींवर बसली. देवा, एवढी वेळ सांभाळ रे, पुन्हा त्या यंत्राला हात लावणार नाही.

सर क्लास बंद करायला कुलूप हातात घेऊन उभे होते.

"सर, दोनच मिनिटं. पाया पडते."

तिनं फ्लॉपी घातली. शेवटी नवी ओळ उघडली. घर ३८. वय ६३. घाईघाईत तिनं उंची मारली, साठवली. फ्लॉपीचा दिवा विझला आणि तेवढ्यात लाइट गेली.

मधला आकडा आठ पडला की पुन्हा सहाच, वाचून बघायचं राहिलं.

ती घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. दारात भिकुबाई उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. कोकिळाला हुंदकाच फुटला.

आत आबा खुंटीखाली चहा घेत उभे होते. त्याच मिशा, तेच हसू. तिनं धावत जाऊन मिठी मारली. एरवी तिचं डोकं त्यांच्या छातीशी लागायचं. आज कपाळ हनुवटीला लागलं.

"काय व्हयनं व माय?" आबा म्हणाले. "टोपी काढी दे बरं."

"तुम्हीच काढा ना, आबा."

"मना हात कव्हय पुरना तठे? स्टूल ले. रोज लेस तशी."

कोपऱ्यात स्टूल होतं. सकाळी ते घरात नव्हतं.

ती वर चढली. तोल सावरायला भिंतीवर हात टेकला. डाग तिथंच होता, आबांच्या डोक्यापासून जवळजवळ वीतभर वर.

तिनं तळवा उलटा करून बघितला. तेल ओलं होतं.