बिनपंपाची बुरशी

कवकसंशोधन केंद्राच्या काचेपलीकडे चार वर्षांची अन्वी झोपली होती. दंडावरची शर्करा-टिकली हिरवी लुकलुकत होती. मधुमेह आटोक्यात होता, डाव्या पायाच्या बोटांमधली जखम मात्र आटोक्यात नव्हती.

"नवं औषधही हरलं," डॉ. शिरीन मुल्ला म्हणाल्या. "बुरशी आणखी आत गेली, तर बोटं काढावी लागतील."

"मी इतकं जपते हो तिला!" अन्वीची आई हेमांगी म्हणाली.

"ऐका. या बुरशीच्या पेशींत पंप आहेत. आत शिरलेलं औषध ते उपसून टाकतात. पण पंप चालवायला अन्न लागतं. औषध थांबवलं, की तो खर्च फुकट. मग बिनपंपाची साधी बुरशी भराभर वाढून तिची जागा घेते. आणि साधीला जुनं औषधही मारतं."

"म्हणजे जखमेत आणखी बुरशी लावायची?"

"बुरशीरोपण. पण ती रक्ताच्या माणसाची हवी. परकी जखमेत तग धरत नाही."

घरातल्यांच्या अंगावरच्या बुरशीचे नमुने पडद्यावर उमटले. जिथे पंप, तिथे तांबडं. नवऱ्याचा नमुना तांबडा. हेमांगीचा तर लालभडक.

"हातांना बुरशीचं मलम लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज. तिला उचलायच्या आधी, खबरदारी म्हणून. मेडिकलमधून आणलेली एकच ट्यूब, आम्ही दोघंही..." ती थांबली. "म्हणजे ही बुरशी माझ्याच हातांनी दिली मी तिला?"

"थोड्या थोड्या औषधाने साध्या मेल्या, पंपवाल्या उरल्या," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "जपायलाच गेलात तुम्ही."

बिनपंपाचा, निळा नमुना एकच होता. सासूबाईंचा, सत्यभामाबाईंचा. भाताच्या खाचरात राबून त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये कायमच्या चिखल्या. म्हणून हेमांगीने त्यांचा टॉवेल वेगळा केला होता, ट्यूबला हात लावू दिला नव्हता, नातीला तर नाहीच.

"बघ, माझ्या चिखल्यांनाही भाव आला!" शेजारी उभ्या असलेल्या त्या हसल्या. मग चाचरत म्हणाल्या, "आता घेऊ का गं तिला?"

हेमांगीला मान वर करवेना. "घ्या ना, आई."

रोपण झालं. अन्वी जागी होऊन "मम्मा" म्हणून रडू लागली. हेमांगी दाराकडे धावली, तर डॉक्टर आडव्या आल्या.

"तुम्ही नाही. तुमच्या हातांवर अजून पंपवालीच आहे. ती पुन्हा तिथे पोचली, तर जुनं औषध सुरू केल्यावर तेवढीच उरेल."

"हातमोजे घालते."

"इथे घालाल. घरी जन्मभर घालणार?"

आत आजीने नातीला मांडीवर घेतलं, थोपटून थोपटून झोपवलं. त्या बाहेर येऊन बाकावर टेकल्या, तशी हेमांगी त्यांच्यासमोर फरशीवरच बसली. त्यांची चप्पल काढून तिने पाय मांडीवर घेतला.

"अगं, उठ! घाण आहेत पाय."

"असू देत. डॉक्टर, मलम आजपासून बंद. आधी माझ्या हातांवर रोपण करा."

"हातांच्या धड कातडीला रक्ताचं नातं लागत नाही," म्हणत डॉ. मुल्ला रोपणाची तबकडी आणायला वळल्या.

हेमांगीने आपली बोटं त्या पांढुरक्या, भेगाळलेल्या बेचक्यांत अलगद सरकवली.

"खाज फार येते का हो, आई?"

"येते की." सत्यभामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "नीट लावून घे. पोरगी वाट बघतेय तुझी."